प्रतिसाद: झिजलेला प्रत्येक दात ब्रशमुळेच झिजत नाही

ज्या पोस्टला हा प्रतिसाद आहे, तिच्यात म्हटलंय की दात आंबतात म्हणजे ब्रश जोरात घासल्याने ते झिजलेत. नेहमीच तसं नसतं. घासून होणारी झीज वेगळी आणि आम्लाने होणारी वेगळी. ही दुसरी कीडही नव्हे, यात जंतूंचा हात नसतो. तोंडातला पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, विरघळायला लागतं. लिंबाचा रस तर २ ते ३च्या आसपास! सकाळी 'डिटॉक्स'चं लिंबूपाणी घोट घोट पिणाऱ्यांनो (मीही त्यातलाच होतो), जरा जपून. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू झिजली असेल तर मात्र डेंटिस्ट आधी ॲसिडिटीबद्दल विचारतात, कारण पोटातलं आम्ल वर आलं की तिथे लागतं.

आम्लाने झालेली झीज मोजायला २००८ पासून 'बीईडब्ल्यूई' (बेसिक इरोझिव्ह वेअर एक्झामिनेशन) ही पद्धत आहे. तोंडाचे सहा भाग करायचे, प्रत्येकातल्या सर्वांत झिजलेल्या पृष्ठभागाला ० ते ३ गुण द्यायचे, बेरीज जास्तीत जास्त १८. पृष्ठभाग निम्मा किंवा त्याहून जास्त झिजला की ३. डेंटिस्टच्या खुर्चीवर बसल्या बसल्या होतं, एक्स-रेही लागत नाही.

पण तुमचे हाल त्या बेरजेत दिसत नाहीत. त्यासाठी 'ओएचआयपी-१४' (ओरल हेल्थ इम्पॅक्ट प्रोफाइल) ही प्रश्नावली: खाताना त्रास होतो का, चारचौघांत संकोच वाटतो का, असे चौदा प्रश्न. दोन्ही आकडे जुळतीलच असं नाही. सुरुवातीची झीज दुखतही नाही, आणि एखाद्याला मात्र थोडक्या झिजेनेही आइस्क्रीम सोडावं लागतं.

आणि हो, आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश नको, नुसती चूळ भरा.