लहान शिडाची बोट, जवळचे मित्र आणि अंतिम शब्द कोणाचा?

सुकाणू (विषय मांडताना) :

आठ-नऊ मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीवर चार मित्रांनी आठवडाभर राहायचे ठरवले की मार्ग, शिधा आणि खर्चाची वाटणी यांवर तासन्‌तास बोलणे होते. बोट कोणाच्या हुकमाने चालणार, हा प्रश्न मात्र उगाच अवघडलेपणा नको म्हणून कोणीही काढत नाही. माझ्या मते अशा सफरींचा विचका समुद्रामुळे क्वचितच होतो आणि या मौनामुळे बहुतेक वेळा होतो. म्हणून निघण्यापूर्वीच एकाला तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, नेमावे आणि पाण्यावर असेपर्यंत त्याचा शब्द अंतिम मानावा. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी मित्रांबरोबर बोट घेऊ नये.

पाण्यावरचे निर्णय सर्वांचे एकमत होईपर्यंत थांबत नाहीत. वारा १० नॉटांवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) २० नॉटांवर गेला तर शिडावरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यामुळे शिडाचा काही भाग गुंडाळून ते लहान करायचे असते ते वारा वाढण्याआधी, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा त्याची गरज कोणालाच पटलेली नसते. एक जण म्हणतो की आत्ता कुठे वेग आला आहे, दुसरा ढगांकडे बोट दाखवतो, तिसऱ्याला बोट लागलेली असल्याने त्याला कशातच रस नसतो, आणि हे सर्व होईपर्यंत बोट एका अंगावर कलंडून चाललेली असते. नांगराच्या वेळीही हेच घडते. ओहोटीच्या वेळी ५ मीटर पाणी आहे, भरतीला ते ३ मीटरने चढणार आहे आणि बोटीचे तोंड पाण्यापासून मीटरभर उंच आहे, असे धरले तर ९ मीटरांच्या पाचपट, म्हणजे ४५ मीटर साखळी सोडावी, असे एकाचे म्हणणे असते. एवढी साखळी सोडली तर रात्री वारा फिरल्यावर आपण शेजारच्या बोटीवर जाऊन आदळू, असे दुसऱ्याचे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. तरीही अंधार पडण्यापूर्वी कोणीतरी एकाने ठरवावेच लागते.

एरवी समान पातळीवर असलेल्या मित्रांपैकी एकाचे ऐकणे आठवडाभर सोपे नसते, हे मला मान्य आहे. परंतु या सफरीचा खरा आनंदही तिथेच आहे, असे मला वाटते. वाऱ्याच्या तोंडातून बोट वळवताना एकाने सुकाणू फिरवावे, दुसऱ्याने नेमक्या क्षणी दोर सोडावा, तिसऱ्याने पलीकडचा दोर विंचवर, म्हणजे दोर ओढण्याच्या रहाटावर, खेचावा, आणि हे सगळे एकाही वाढीव शब्दाविना पार पडावे, याला जमिनीवरच्या गप्पांमध्ये तोड नाही.

भांगाची भरती :

आपली उदाहरणे पटली, निष्कर्ष पटला नाही. सागरी टकरी टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतील दुसरा नियम पाहा : हलगर्जीपणाच्या परिणामांतून जहाज, त्याचा मालक, कप्तान किंवा खलाशी यांपैकी कोणालाही सूट मिळत नाही, असे तो सांगतो. पाचव्या नियमानुसार डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध सर्व साधनांनी सतत पहारा ठेवणे बंधनकारक आहे. चार जणांच्या बोटीवर हा पहारा एकटा तांडेल कसा ठेवणार? एकाचा शब्द अंतिम ठरला की उरलेले तिघे पाहणेच सोडून देतात, असा माझा अनुभव आहे; शिडाच्या आड लपलेले मालवाहू जहाज दिसले तरी ‘त्याला दिसले असेलच’ असे समजून ते गप्प बसतात. आपण ज्याला शिस्त म्हणता, त्यातून तीन प्रवासी आणि एक थकलेला माणूस एवढेच हाती लागते.

आम्ही रोज तांडेल बदलतो. ज्याची पाळी असेल तो आदल्या संध्याकाळी भरती-ओहोटीच्या वेळा काढतो, मार्ग आखतो आणि दिवसभर निर्णय घेतो. दुसऱ्या दिवशी आपल्यालाच ते काम करायचे आहे हे ठाऊक असले की टीकेची धार आपोआप बोथट होते.

काठावरचा :

दोघेही मूळ प्रश्न टाळत आहेत, असे नम्रपणे नमूद करतो. तांडेल कोणीही असो, आठ मीटरांच्या बोटीत ताठ उभे राहता येत नाही, श्वासातली वाफ रात्री छतावर साचून पहाटे अंथरुणावर टपकते, आणि शौचालयाचा हातपंप मारताना होणारा आवाज चारही मित्रांना स्पष्ट ऐकू येतो. कोणाचे घोरणे, कोणाचे ओले मोजे आणि कोणाचा सकाळचा उत्साह, यांपासून दहा पावले दूर जाण्याची सोय नसणे हा माझ्या दृष्टीने मोठा दोष आहे. मैत्री टिकते ती अधूनमधून एकमेकांपासून सुटका होत असल्यामुळे. दिवसा बोट चालवावी, रात्री जमिनीवर स्वतंत्र खोल्यांत झोपावे. यात मला कसलीही कमतरता वाटत नाही.

निवांत वारा :

काठावरचा यांच्या ओल्या मोज्यांशी पूर्ण सहानुभूती आहे, तथापि चिडचिडीचे मूळ मला वेळापत्रकात दिसते. पाण्याच्या रेषेवर २५ फूट लांबी असलेल्या बोटीचा वेग सर्वसाधारणपणे ६.७ नॉटांच्या पुढे जात नाही, कारण तिनेच उठवलेली लाट तिला अडवते. प्रत्यक्षात सरासरी ५ नॉट मिळाले तरी समाधान मानावे. म्हणजे आठ तासांत ४० सागरी मैल, सुमारे ७४ किलोमीटर. जायचे ठिकाण नेमके वाऱ्याच्या दिशेला असेल तर वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन राखत नागमोडी जावे लागते आणि २० मैलांचे २८ मैल होतात. त्यातच प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध वाहू लागला तर लाटा आखूड आणि उभ्या होतात, वेग पडतो, आणि ज्याला कधीच बोट लागत नाही असा मित्रही गप्प होतो.

आता कल्पना करा की चौघांपैकी एकाला ठरलेल्या दिवशी कामावर हजर व्हायचे आहे. मग तांडेल एक असो वा रोज नवा, सहाव्या दिवशी नको त्या हवेत निघण्याचा आग्रह होणारच. मार्ग निम्मा करा आणि दोन दिवस मोकळे ठेवा. हुकूम कोणाचा हा वाद फारसा उद्भवणार नाही. वारा पडल्यामुळे नांगर टाकून दिवसभर पत्ते खेळत बसण्यात जे सुख आहे, ते ४० मैल कापण्यात मला तरी कधी सापडले नाही.

सुकाणू :

निवांत वारा यांचा हिशेब बिनचूक आहे, पण तो निघण्यापूर्वीचा आहे. मोकळे दिवस ठेवले तरी दुपारी तीन वाजता वारा फिरतोच, आणि तेव्हा मार्ग किती मैलांचा आहे याला अर्थ उरत नाही.

भांगाची भरती यांना माझा प्रश्न असा की, अनुभव समान नसेल तर पाळी कशी लावणार? ज्याने बूमचा, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याचा, तडाखा कधी पाहिलेला नाही, त्याच्या पाळीच्या दिवशी मागून जोराचा वारा आला तर इतरांनी त्याच्या हुकमाची वाट पाहायची का? आणि वाट पाहायची नसेल, तर त्या दिवशी खरा तांडेल कोण होता? खलाशांनी दिसेल ते मोठ्याने सांगावे, हे माझ्या पद्धतीतही अपेक्षितच आहे; सांगणे सर्वांचे, ठरवणे एकाचे.

भांगाची भरती :

नवख्याला पाळी द्यायची ती हलक्या वाऱ्याच्या दिवशी, शेजारी जाणता बसवून. वादळी दिवशी त्याची पाळी पुढे ढकलता येते. तो कधीच सुकाणूवर बसला नाही तर पुढच्या वर्षीही नवखाच राहील.

मात्र आपण एका गोष्टीला स्पर्शच केलेला नाही. व्यवहारात तांडेल निवडला जात नाही. बोट ज्याच्या मालकीची तोच तांडेल होतो, मग त्याला बोट चालवण्याची जाण असो वा नसो. धक्क्याला लागताना बोट घासली गेली तर तो घाव त्याच्या काळजाला लागतो, आणि खर्चात समान वाटा दिलेल्या इतरांना आपण पैसे मोजून बोलणी खात आहोत असे वाटू लागते. म्हणून आम्ही शक्यतो कोणाही मित्राची बोट घेत नाही, भाड्याची घेतो, आणि अनामत रक्कम चौघांत समान भरतो.

सुकाणू :

भाड्याची बोट घेतानाही जबाबदार कप्तान म्हणून करारावर एकाच नावाची नोंद करावी लागते. तिथे आपण रोज बदलणारे नाव कसे लिहिता, हे जाणून घ्यायला मला आवडेल.