क्विटोच्या ठरावाचा लातूरला उपयोग काय?

लातूरकर: २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आम्हाला पाणी आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इक्वेडोरची राजधानी क्विटो येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत शाश्वत शहरांचा ‘नवा नागरी कार्यक्रम’ मंजूर झाला. अशा आंतरराष्ट्रीय नेतृत्वाने आमच्या नळाला काय फरक पडतो?

परभणीचा वाचक: थेट काहीच नाही, कारण तो ठराव बंधनकारक नाही. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या ११ व्या उद्दिष्टात, शहराच्या नियोजनात नागरिकांचा थेट व नियमित सहभाग आहे का, हे मोजण्याचा निर्देशक आहे; तो महापालिकेपुढे ठेवता येतो.

नांदेडकर: त्यासाठी बाहेर कशाला जायचे? ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक आहेत. आणि बाहेरचे उदाहरणच हवे, तर ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून नागरिक अंदाजपत्रकातील कामांचा प्राधान्यक्रम ठरवू लागले. आपल्याकडे टँकर आल्यावर पाइप कोणाच्या हाती, यावरच गल्लीतला न्याय ठरतो!

लातूरकर: पटले. आपल्याकडील प्रभाग समितीच्या बैठकीचे इतिवृत्त नागरिकांना पाहायला मिळते का?

नांदेडकर: माहितीच्या अधिकारात अर्ज करा, आणि पाणीपुरवठ्याच्या खर्चाचा प्रभागनिहाय तपशीलही त्यातच मागा.