मदत हवी आहे: पायथॉनच्या लिस्टमधून ऋण आकडे काढले, तरी काही उरतातच

नमस्कार मंडळी,

पायथॉन नुकतंच शिकायला घेतलंय, सध्या लिस्टवर अडकलेय. लिस्टमधले ऋण आकडे काढून टाकायचे, एवढंच काम आहे. कोड देवनागरीत लिहितेय, समजून घ्या.

आकडे = [७, -२, -५, ९, -१, -४, -३]
फॉर क्ष इन आकडे:
    इफ क्ष < ०:
        आकडे.रिमूव्ह(क्ष)
प्रिंट(आकडे)

यायला हवं [७, ९]. येतं [७, -५, ९, -४]. एरर वगैरे काही नाही, मुकाट्याने चुकीचं उत्तर. आणि गंमत म्हणजे [७, -२, ९, -१, ४] दिली की बरोब्बर [७, ९, ४] येतं! इंडेंटेशन (ओळींआधी सोडलेली मोकळी जागा) तपासून झालं. -२ जातो, मग -५ ने काय घोडं मारलंय? नुसता दुरुस्त कोड नको, असं का होतं ते कळलं तर बरं.

प्रतिसाद

रिमूव्ह बिचारं आपलं काम नीट करतंय. ज्या लिस्टवर फॉर फिरतोय तीच तुम्ही आतून कापताय, घोळ तिथे आहे.

फॉर लूप फक्त आपण कितव्या जागेवर आहोत तेवढं लक्षात ठेवतो (मोजणी शून्यापासून). जागा ० वर ७, ठीक. जागा १ वर -२ सापडला, काढला. त्याबरोबर मागचे सगळे एकेक घर पुढे सरकले आणि -५ जागा १ वर आला. पण लूपच्या लेखी जागा १ उरकली. तो जागा २ वर जातो, तिथे आता ९ आहे. म्हणजे -५ ला कुणी विचारलंच नाही. पुढे जागा ३ वरचा -१ काढला तेव्हा -४ असाच निसटला. -३ मात्र सापडला.

तुमची दुसरी लिस्टही नशिबाने पास झालीय. इफच्या आधी प्रिंट(क्ष) टाकून बघा: ७, -२, -१ एवढंच छापेल. ९ आणि ४ तपासलेच गेले नाहीत, ते धन होते म्हणून निभावलं.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. हाच उद्योग डिक्शनरीवर (नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या साठ्यावर) केला असता, फिरता फिरता एखादं नाव, म्हणजे 'key', उडवलं असतं, तर पायथॉनने रनटाइम एरर देऊन थांबवलं असतं. लिस्टच्या वेळी तो गप्प बसतो, म्हणून नवशिके हमखास फसतात.

'फॉर क्ष इन आकडे[:]' असं लिहून प्रतीवर फिरलात तरी काम होईल. मला ते फारसं आवडत नाही. रिमूव्ह दरवेळी लिस्टच्या सुरुवातीपासून शोधत येतं, लिस्ट मोठी असली की रेंगाळतं. शिवाय तोच आकडा दोनदा असेल तर पहिला सापडलेला काढतं, तुम्ही ज्यावर उभे आहात तोच जाईल असं नाही. इथे सगळेच ऋण काढायचेत म्हणून फरक पडत नाही, पण सवय वाईट. काढण्यापेक्षा हवे तेवढे निवडा:

आकडे = [क्ष फॉर क्ष इन आकडे इफ क्ष >= ०]

धागाकर्ती

प्रिंट टाकून पाहिलं, अगदी ७, -२, -१! निवडायची ओळही चालली. पण तीच ओळ साफ_करा(आकडे) अशा फंक्शनमध्ये टाकली, तर आत प्रिंट केल्यावर [७, ९] दिसतं आणि बाहेर लिस्ट जुनीच. रिटर्न (उत्तर फंक्शनबाहेर परत देणारी ओळ) लिहिलेलं नाही. आता हे काय नवीन?

प्रतिसाद

'आकडे =' म्हटल्यावर फंक्शनच्या आतलं नाव एका नव्या लिस्टला जोडलं गेलं. बाहेरचं नाव जुन्या लिस्टलाच धरून आहे. नवी लिस्ट रिटर्न करा आणि बाहेर आकडे = साफ_करा(आकडे) असं लिहा. मूळ लिस्टच बदलायची असेल तर आत 'आकडे[:] =' लिहा, मग त्याच लिस्टमधला मजकूर बदलतो आणि रिटर्नची गरज राहत नाही.

पायथॉनच्या स्वतःच्या सोयींमध्येही हे दोन्ही प्रकार आहेत. आकडे.सॉर्ट() आहे ती लिस्ट जागेवरच क्रमाने लावतं आणि नन (None, म्हणजे 'काहीच नाही') परत देतं. सॉर्टेड(आकडे) मूळ लिस्टला हात न लावता नवी देतं.

धागाकर्ती

रिटर्नवालं घेतलं, झालं काम. आणि आकडे = आकडे.सॉर्ट() केल्यावर अख्खी लिस्ट गायब होऊन नन का यायचं, तो वेगळा धागा काढणार होते, तोही वाचला. आभार!