मदत हवी आहे: गतीचा नियम क्षेत्र समीकरणांतूनच निघतो का?

नमस्कार. नोकरी सांभाळून व्यापक सापेक्षता सिद्धान्त, म्हणजे गुरुत्व हे अवकाश-काळाच्या वक्रतेतून येते असे सांगणारा आइनस्टाइन यांचा सिद्धान्त, शिकतो आहे आणि महिनाभर एकाच ठिकाणी अडलो आहे.

ताणलेल्या रबरी चादरीवर जड गोळा ठेवण्याचे चित्र मी सोडून दिले, कारण त्यातली गोटी खळग्याकडे घरंगळते ती खालून पृथ्वी ओढते म्हणूनच. जे समजावायचे तेच आधी गृहीत धरलेले. त्याऐवजी चेंडू घेतला. वर फेकलेला चेंडू 2 सेकंदांनी हातात परत येतो तेव्हा तो सुमारे 5 मीटर उंच जाऊन आलेला असतो. पण काळ प्रकाशाच्या वेगाने गुणून अंतरात मांडला, तर तेवढ्यात त्याने काळाच्या दिशेने 6 लाख किलोमीटर कापलेले असतात. एवढ्या लांब रेषेला 5 मीटरचा बाक म्हणजे काहीच नाही, आणि तोही उंचीवरचे घड्याळ किंचित जलद चालते यातून येतो, हे पटले.

अडचण पुढे आहे. मुक्त कण जिओडेसिकवरून, म्हणजे शक्य तितक्या सरळ वाटेने जातो, हे माझ्या टिपणांत स्वतंत्र गृहीतक म्हणून आहे. मात्र आइनस्टाइन यांच्या 1915 च्या क्षेत्र समीकरणांत (एका बाजूला अवकाश-काळाची वक्रता, दुसऱ्या बाजूला द्रव्याचा ऊर्जा-संवेग) वक्रतेच्या बाजूचे अपसरण (एखाद्या जागेतून निव्वळ किती बाहेर वाहते त्याचे माप) बियांकी नित्यसमानतेमुळे, म्हणजे कोणत्याही वक्रतेला लागू असणाऱ्या भूमितीच्या नियमामुळे, आपोआप शून्य होते, म्हणून द्रव्याच्या ऊर्जा-संवेगाचेही शून्य व्हावेच लागते. आणि दाब नसलेल्या धुळीसाठी हे मांडले की प्रत्येक कणाची वाट जिओडेसिकच निघते. मॅक्सवेल यांच्या समीकरणांतून विद्युतभार टिकतो एवढेच कळते, त्यावरचे बल वेगळे सांगावे लागते. मग इथे गतीचा नियम फुकटच मिळाला का?

धुळीचे ठीक, पण ज्याचे स्वतःचे गुरुत्व आहे त्याने कोणाच्या भूमितीत चालायचे? बुधाची कक्षा हळूहळू फिरते, त्यातल्या न्यूटनच्या नियमांनी न उलगडणाऱ्या शतकाला 43 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) एकट्या सूर्याची भूमिती धरूनही बरोबर येतात. दोन तुल्यबळ तारे असले तर ती सोय उरत नाही. 1938 मध्ये आइनस्टाइन, इन्फेल्ड आणि हॉफमन यांनी अशा वस्तूंची गती क्षेत्र समीकरणांतूनच काढली. कणाच्या जागी क्षेत्र अनंत होते म्हणून आत न शिरता त्याला वेढणाऱ्या पृष्ठभागावर संकलन केले, इथवर कळते. पृष्ठभाग लहान-मोठा घेतला तरी उत्तर का बदलत नाही, ही पायरी कोणी उलगडून दाखवाल का? टेन्सरचे प्राथमिक गणित येते, तेव्हा समीकरणे लिहिलीत तरी चालतील.