मुलगा सीनियर, पुढे कम्युनिटी कॉलेज. आत्तापासून काय शिकवू?

अळूवडी

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो. मुलगा यंदा सीनियर, म्हणजे आपली बारावी. जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.१. गणित बरं आहे, निबंध मात्र रात्री साडेअकराला सुरू होतो. अर्जांचा विषय निघाला तेव्हा त्यानेच सांगितलं, "आई, मी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करतो आणि मग यूसीला ट्रान्सफर घेतो. मेकॅनिकल करायचंय." (कम्युनिटी कॉलेज म्हणजे इथलं दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज, यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया.) नवऱ्याचा चेहरा पडला. मला खर्चाच्या बाजूने पटतंय, पण खोटं कशाला बोलू, कुणी विचारलं की मीही विषय बदलते.

खरी काळजी वेगळीच आहे. याला सकाळी मी उठवते. शाळेच्या पोर्टलवर कुठला असाइनमेंट राहिलाय ते त्याच्याआधी मला कळतं. कॉलेजात कसं निभावणार हा? हातात आठ महिने आहेत. कुणी मुलांना या वाटेने पाठवलं असेल तर सांगा.

रात्रपाळी

सीसीसी अप्लायवर (कम्युनिटी कॉलेजच्या अर्जाची साइट) अर्ज फुकट आहे, तो त्यालाच भरू द्या. नंतरचं ओरिएंटेशन आणि एज्युकेशन प्लॅन लांबवू नका. ते झालेलं असेल तर रजिस्ट्रेशनची तारीख आधीची मिळते, नाहीतर लॅबच्या वर्गांना वेटलिस्टवर बसाल.

जमलं तर स्प्रिंगमध्ये शाळेसोबतच कॉलेजचा एखादा वर्ग घेऊ दे (ड्युअल एनरोलमेंट). शाळेतल्या मुलांना बहुतेक ठिकाणी फी माफ असते. फक्त तो ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर कायमचा राहतो, तेव्हा गंमत म्हणून घेऊ नये.

मुक्ताई

अळूवडी, विषय मीही बदलायचे. दोन वर्षं बदलला, मग कंटाळा आला. टॉम हँक्स तुमच्या शेजारच्या हेवर्डच्या शाबो कॉलेजात शिकला, हे नवऱ्याला सांगून बघा. माझ्या नवऱ्यावर काडीचा परिणाम झाला नव्हता, तरी सांगा.

माझी मुलगी २०१८ ला कम्युनिटी कॉलेजात गेली. तिचंही मेकॅनिकलच. दोन वर्षांची तीन झाली. कॉलेजची चूक नव्हती, आम्हीच गाफील राहिलो. तेव्हा गणिताची प्लेसमेंट टेस्ट असायची. "फक्त लेव्हल बघतात गं" म्हणून ती तशीच जाऊन देऊन आली आणि तिला त्रिकोणमितीच्या वर्गात टाकलं. शाळेत सीनियर वर्षी तिने गणित सोडलं होतं, तेही अंगाशी आलं. पहिल्या सेमिस्टरला त्रिकोणमिती, मानसशास्त्र आणि सिनेमाचा इतिहास. कॅल्क्युलस दुसऱ्या वर्षावर गेलं, कॅल्क्युलस नाही म्हणून फिजिक्स अडलं, आणि फिजिक्स अडलं की इंजिनियरिंगचं पुढचं सगळंच अडतं. सिनेमाचा इतिहास मात्र 'ए' मिळवून पास.

आता ती टेस्ट गेली, शाळेच्या ग्रेडवरून ठरवतात. म्हणून सीनियर वर्षी गणित सोडू देऊ नका, काहीही झालं तरी. आणि असिस्ट डॉट ऑर्ग ही साइट आजच त्याच्यासोबत उघडा. एका बाजूला त्याचं कम्युनिटी कॉलेज निवडायचं, दुसऱ्या बाजूला जायचं ते यूसी आणि मेजर (पदवीचा मुख्य विषय). इथला कुठला वर्ग तिथल्या कुठल्या वर्गाला चालतो ते समोर येतं. ज्युनियर म्हणून (म्हणजे थेट तिसऱ्या वर्षाला) ट्रान्सफरला ६० सेमिस्टर युनिट (क्रेडिट) लागतात, पण ती कुठलीही ६० नव्हेत, हे आम्हाला दीड वर्षाने उमगलं. जनरल एज्युकेशनची यादीही बदललीये. २०२५ च्या फॉलपासून कॅल-गेटसी नावाची नवी यादी आहे, तेव्हा मोठ्या चुलतभावाच्या जुन्या यादीवर जाऊ नका.

आता उठवण्याबद्दल. तुमचं ते पोर्टल तिथे बंद. मूल कॉलेजात गेलं की फेर्पा कायद्याने (विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा) त्याची माहिती त्याची होते, वय सतरा असलं तरी. मुलीच्या एका वर्गाबद्दल मी ऑफिसात फोन केला, तर पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, "तिलाच फोन करायला सांगा." मी तिला सांगितलं. तिने चार दिवस फोन केला नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "काय बोलायचं तेच कळत नाही." माझी सतरा वर्षांची पोरगी अनोळखी माणसाशी फोनवर एकदाही बोललेली नव्हती! दातांच्या डॉक्टरकडची अपॉइंटमेंटसुद्धा मीच घेत आले होते. प्रोफेसरला तिची पहिली ईमेल: "हाय, मी काल आले नाही, काही महत्त्वाचं झालं का?" खाली नाव नाही, कुठला वर्ग तेही नाही.

तेव्हा आठ महिन्यांत आणखी ट्यूशन लावू नका. डॉक्टर, बँक, डीएमव्ही (लायसन्सचं ऑफिस), शाळेतला काउन्सेलर, सगळे फोन त्याला करू द्या. जानेवारीपासून पोर्टलचा पासवर्ड विसरा. एखादा असाइनमेंट बुडेल. शाळेत बुडालेला स्वस्त पडतो.

ती २०२१ ला यूसी डेव्हिसला गेली आणि २०२३ ला पदवीधर झाली. कम्युनिटी कॉलेजात युनिटला ४६ डॉलर भरत होतो. डेव्हिसचं पहिलं बिल आलं तेव्हा तिचा बाबा पहिल्यांदा म्हणाला, "तिसरं वर्षही तिथेच झालं ते बरंच झालं की."

कोपऱ्यातला

मुक्ताईंना अनुमोदन. एक भर: टॅग, म्हणजे ट्रान्सफरची हमी, सहाच यूसी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत. काही मेजरही वगळलेली असतात, इंजिनियरिंगवाल्यांनी नीट बघावं. टॅगचा अर्ज सप्टेंबरात, त्यानंतर यूसीचा नेहमीचा अर्ज वेगळा भरावा लागतो.

आणि मुलगा एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर फेडरल मदत मिळत नाही. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, तेव्हा दोन अधिक दोन वर्षांत एकविसावं कुठे येतं तेही मोजा.

अळूवडी

आभार सगळ्यांचे. ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे तेवढी चिंता नाही. काल असिस्ट उघडून बसलो. नवराही खुर्ची ओढून बसला आणि मुलापेक्षा जास्त प्रश्न त्यानेच विचारले.

मुक्ताई, आज काउन्सेलिंग ऑफिसला फोन करायला सांगितला. "तू कर ना" म्हणाला. नाही म्हटलं. मग कागदावर तीन वाक्यं लिहिली, खोलीत गेला, दार लावलं. होल्डवरचं संगीत बाहेर ऐकू येतंय. सतरा मिनिटं झाली. मी पॅसेजमध्ये उभी राहून हे टाइप करतेय.