शब्दचर्चा : 'अंकाश्रित क्रमिका' हा शब्द योग्य ठरेल का?

प्रश्न

काही पूर्णांकांची निवड केवळ त्यांच्या अंकांवरून केली जाते. उदाहरणार्थ, ज्यांना स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो अशा १०, १२, १८, २०, २१, २४ इत्यादी संख्या. अशा संख्या चढत्या क्रमाने मांडल्या की जी मालिका तयार होते, तिच्यासाठी एका मसुद्यात 'आकडी श्रेणी' हा शब्द वाचला आणि तो खटकला. 'अंकाश्रित क्रमिका' असे म्हणता येईल का? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद

'श्रेणी' टाळावी हे बरोबर, कारण पदांची बेरीज अभिप्रेत असते तेव्हा तो शब्द वापरण्याचा प्रघात आहे; येथे पदे केवळ ओळीने मांडलेली आहेत, म्हणून 'क्रमिका' हाच शब्द नेमका आहे. 'आकडी'बद्दलचा माझा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे. व्यवहारात 'आकडा' हा शब्द अंकालाही लावतात आणि संख्येलाही. या विषयात तर सगळी भिस्त त्या दोहोंतील फरकावरच आहे. शून्य ते नऊ ही दहा चिन्हे म्हणजे अंक. त्यांनी लिहून दाखवली जाते ती संख्या. शाळेत शिकवली जाणारी 'स्थानिक किंमत' आणि 'दर्शनी किंमत' ही जोडी येथे फार उपयोगी पडते. १२ या संख्येत १ ची स्थानिक किंमत दहा आहे, परंतु अंकांची बेरीज करताना आपण तिच्याकडे दुर्लक्ष करून केवळ दर्शनी किंमत घेतो आणि ३ हे उत्तर काढतो. हीच १२ ही संख्या आठाच्या पायात, म्हणजे दहाऐवजी आठाआठाचे गट करून, १४ (एक आठ आणि चार) अशी लिहिली जाते. तेथे अंकांची बेरीज ५ होते आणि ५ ने बाराला भाग जात नाही. सात ही संख्या मात्र कोणत्याही पायात लिहिली तरी मूळ संख्याच (१ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणारी) राहते. गुणधर्म लेखनाच्या आश्रयाने उभा आहे, हे 'अंकाश्रित' या शब्दातून स्पष्ट होते, म्हणून तो मला मनापासून आवडला.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी या प्रांतातील संख्यांना दिलेली नावेही पाहण्यासारखी आहेत. प्रश्नात दिलेल्या संख्यांना त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, म्हटले. 'स्वयंभू' ही संज्ञा तर अर्थाला अगदी चपखल बसते : १५ मध्ये तिचेच अंक १ आणि ५ मिळवले की २१ मिळते, म्हणून १५ ही २१ ची जनक, पण २० ला असा कोणीच जनक सापडत नाही, म्हणून ती स्वयंभू. याउलट १०१ ला ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत, म्हणून ती 'संगम संख्या'.

प्रतिसाद

विवेचन पटले. तरीही 'दशमान (म्हणजे दहाच्या पायातील) अंकाश्रित क्रमिका' असे पूर्ण नाव द्यावे असे सुचवतो, कारण पाया बदलला की यादी बदलते. प्रत्येक पायात हर्षद ठरणाऱ्या संख्या १, २, ४ आणि ६ एवढ्याच आहेत.

प्रतिसाद

हर्षद किंवा स्वयंभू संख्यांपुरते 'दशमान' हे विशेषण आवश्यकच आहे, परंतु ते सरसकट जोडू नये. १, ११, २१, १२११, १११२२१ या क्रमिकेत प्रत्येक पद म्हणजे आधीच्या पदाचे वाचन असते : २१ मध्ये 'एकदा दोन, एकदा एक' दिसतात, म्हणून पुढे १२११ येते. ही क्रमिकाही अंकाश्रितच. मात्र तीत ३ पेक्षा मोठा अंक कधीच येत नाही, त्यामुळे चार किंवा त्याहून मोठा कोणताही पाया घेतला तरी अंकांची ओळ तीच राहते. तिला 'दशमान' म्हणणे चुकीचे नसले, तरी नसलेली अट सुचवणारे आहे.