परदेशी दत्तक बंद करावं का?

बोरिवलीकर:
'कारा'चे, म्हणजे देशातल्या दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे, २०२४-२५चे आकडे पाहिले. एकूण ४,५१५ मुलं दत्तक गेली, त्यातली ४,१५५ देशातच. म्हणजे ३६० बाहेर. इथे होम स्टडी (दत्तक घेणाऱ्यांच्या घरची पाहणी) आटोपलेली जोडपी तीन-तीन वर्षं पोर्टलवर नंबर बघत बसलीत. चीनने २०२४मध्ये हा प्रकार जवळपास बंदच केला. आपल्याला कसली भीड?

सायनची मावशी:
त्या ३६०मध्ये अनिवासी भारतीयही धरलेले असतात, ते आधी वजा करा. आणि परक्या कुटुंबांकडे जातात ती बहुतेक इथल्यांनी नको म्हटलेली मुलं. मी मदतीला जाते त्या संस्थेत जन्मतः पावलं वाकडी असलेला एक मुलगा होता. दर आठवड्याला प्लास्टर बदलायचे, पावलं सरळ होत आली होती. दोन जोडप्यांनी मेडिकल रिपोर्ट वाचला, 'घरी विचारून सांगतो' म्हणाली, ती गेली ती गेलीच. पोरगा आता इटलीत शाळेत जातो. रांग लागते ती दोन वर्षांखालच्या धडधाकट बाळासाठी. तुम्ही फॉर्मात काय भरलंत?

बोरिवलीकर:
तेच भरलं होतं, लपवायचं काय त्यात? नोंदणी केली तेव्हा नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ९०पर्यंत चालायची. २०२२च्या नियमांनी दोन वर्षांखालच्या बाळासाठी ती ८५वर आणली. आमची ८७. बसलो हात चोळत.

परळचा वकील:
मावशी, बाहेर गेलं की सगळं छान असंही नाही. १९८४मध्ये लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला परदेशी दत्तकासाठी नियम घालून द्यावे लागले, ते उगाच नाही. पाठपुरावा दोन वर्षं, त्यानंतर पोराचे हाल झाले तर इथून कोण बघणार?
पण बोरिवलीकर, बंदी घालून तुमचा नंबर सरकणार नाही. २०१०मध्ये देशातल्या देशात ५,६९३ मुलं दत्तक गेली होती, आज तिथवरही पोचलो नाही. खरी गोम बालगृहांत आहे. वर्षाकाठी एखादा मामा येऊन भेटून जातो, म्हणून पोरं दत्तकासाठी कायदेशीर मोकळी होत नाहीत आणि तिथेच अठराची होतात.

सायनची मावशी:
मामांना सरसकट धोपटू नका हो. हाताला काम मिळालं की पोरं घरी नेणारेही आहेत.

परळचा वकील:
नेतात त्यांच्याबद्दल कुठे बोलतोय? सहा-सहा वर्षं नुसती बिस्किटं देऊन जातात, त्यांना बालकल्याण समितीने बोलावून स्पष्ट विचारावं: नेणार की नाही?